आधी काडतूस, मग रायफल

मोठ्या बोअरची रायफल बनवून घ्यायची, किंवा घरातली जुनी रायफल नव्याने घडवायची, असं ज्यांच्या मनात येतं त्यांची गाडी बहुधा उलट्या टोकाने निघते. नळी किती इंचांची, दस्ता कुठल्या लाकडाचा, त्यावर नक्षी कोण काढून देईल, याची चर्चा महिनोन्महिने चालते. काडतुसाचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, ते मिळेल की कुठेतरी. ते मिळत नाही. मोठ्या बोअरच्या व्यवहारात काडतूस हीच मूळ वस्तू असते. रायफल म्हणजे ते काडतूस माणसाला इजा न होता उडवण्याचं यंत्र. म्हणून क्रम उलटा करा: काम कोणतं, त्या कामाला काडतूस कोणतं, ते तुमच्या गावात कायद्याने मिळतं का, आणि मग रायफल.

गिरगाव, लालबाग, परळ भागातल्या जुन्या घरांची मुळं कोकणात नाहीतर घाटावर. खोतांच्या, इनामदारांच्या, संस्थानी नोकरीतल्या माणसांच्या वाड्यातून निघालेली एखादी विलायती रायफल वाटणीत मुंबईला येते. पणजोबांनी दाजीपूरच्या रानात गवा पाडल्याची गोष्टही तिच्याबरोबर येते. मग नातवाच्या डोक्यात चक्रं फिरू लागतात: हिला नवी नळी बसवू, चेंबर आजच्या काडतुसाचं करू. तेवढ्यात कुणीतरी जाणकार भेटतोच. ‘रे रोडला दारूखान्यात आपला लेथवाला आहे. जहाजाचे शाफ्ट कातून देतो, त्याला हे काय अवघड?’

कातणं त्याला अवघड नाही, हे खरं आहे. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, जिथे एकेकाळी बंदुकीच्या दारूची कोठारं होती, तिथे आज लोखंडाचे व्यापारी, मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकणारे आणि लेथवाले गल्ल्या धरून बसलेत. त्यांच्यात हात बसलेले टर्नर आहेत, माप सुताला सूत धरणारे. पण हे काम त्यांच्या दारात न्यायचं नाही.

एक तर कायदा. शस्त्र कायदा १९५९ मध्ये आला. त्यातल्या कलम ५ नुसार बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तपासून देणं, विकणं हे सगळं परवानाधारकाचंच काम. नळी आखूड करणं किंवा एका प्रकारच्या बंदुकीची दुसऱ्या प्रकारची करणं कलम ६ मध्ये येतं, आणि त्याला वेगळी परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने या गुन्ह्यांची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. बोअर बदलली की परवान्यावर लिहिलेलं हत्यार आणि हातातलं हत्यार वेगळं ठरतं, म्हणजे तुमचा स्वतःचा परवानाही निकामी. हौस तुमची, आणि कोर्टाच्या फेऱ्या त्या बिचाऱ्या टर्नरला, हेही बरोबर नाही.

दुसरं कारण पोलादाचं. घरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब हवेच्या दाबापेक्षा चौरस इंचाला साधारण १५ पाउंड जास्त असतो. बारा बोअरच्या काडतुसाचा दाब साडेअकरा हजार पाउंडांच्या घरात जातो. .३०-०६ ची कमाल मर्यादा साठ हजार. हा दाब क्षणभरच असतो, पण नेम धरणाऱ्याचा गाल त्या वेळी चेंबरपासून वीतभर अंतरावर टेकलेला असतो. जहाजाच्या भंगारातून आलेलं पोलाद कुठल्या जातीचं आणि कुठल्या भट्टीतून गेलेलं, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय चेंबरची खोली. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यात केसभर फट जास्त राहिली तर पुंगळी मागच्या बाजूने फाटते आणि तापलेला वायू डोळ्याकडे येतो. यासाठी खास गेज असतात, आणि चेंबरला हात लावल्यावर नळीची जादा दाबाखाली पुन्हा चाचणी घ्यावी लागते. लेथवर यातलं काही नसतं. रे रोडच्या वखारीतून आणलेल्या सागवानाचा दस्ता, हीसुद्धा लोकांची आवडती कल्पना. दस्त्याला अक्रोडाचं लाकूड वापरतात, कारण ते धक्का सोसतं. सागवान खिडक्या-दारांना ठेवा.

आता कामाचा प्रश्न, आणि तो जरा स्पष्टच विचारायला हवा. या रायफलीने तुम्ही मारणार काय? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढे हौसेची शिकार संपली. त्याआधी मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता; त्यात शिकारीचे परवाने निघत, ठरावीक मोसम असत. तो काळ गेला. महाराष्ट्राच्या जंगलात खऱ्या अर्थाने मोठ्या बोअरचं म्हणावं असं जनावर गवा. पूर्ण वाढलेला नर एक टनाच्या आसपास जातो. त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. दोडामार्गात आणि गडचिरोलीत फिरणाऱ्या हत्तींनाही तेच. अशा जनावराला मारण्याचा लेखी आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, तोही माणसाच्या जिवावर बेतलं असेल किंवा जनावर बरं होण्यापलीकडे गेलं असेल तर. रानडुकरांनी भात लोळवला, रोह्यांनी तूर खाल्ली, तरी वनखात्याचा कागद हातात आल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आणि डुकराला मोठी बोअर लागत नाही.

याच वन्यजीव कायद्यातलं कलम ३४ फारसं कुणी वाचत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपलं हत्यार वनखात्याकडे नोंदवावं लागतं, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी घ्यावी लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हे लागू आहे. म्हणजे गिरगावातली रायफल उद्या बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या फ्लॅटमध्ये गेली, तर ती संजय गांधी उद्यानाच्या दहा किलोमीटरच्या आत आली. घर बदलताना गॅसच्या कनेक्शनसोबत याचीही आठवण ठेवा.

एवढं सगळं जमेस धरून भारतात राहणाऱ्याने नवी रायफल घ्यायचीच ठरवली, तर निवड सोपी आहे, कारण ती फार उरलेलीच नाही. ‘निषिद्ध बोअर’ म्हणून .३०३ सामान्य माणसाला बंद. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशी हत्यार आयात करणं जवळजवळ बंद. उरतात सरकारी कारखान्यांची .३१५ आणि .३०-०६, आणि बारा बोअर. .३१५ म्हणजे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं ८ × ५० आर हे जुनं लष्करी काडतूस. थ्री-नॉट-थ्री लोकांच्या हाती द्यायची नव्हती म्हणून त्याच धाटणीच्या रायफलीत हे बसवलं गेलं, आणि पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ते गावोगाव पोचवलं. .३०-०६ हे अमेरिकेचं १९०६ चं काडतूस, .३१५ पेक्षा वेगवान आणि सरळ जाणारं. जुन्या शिकाऱ्याच्या हिशेबात ही दोन्ही मध्यम बोअरची. मला विचाराल तर कागदावर .३०-०६ सरस आहे, पण मी कागदावर निवड करणार नाही. शहरातल्या दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडे जा आणि एवढंच विचारा: गेल्या वर्षभरात कोणत्या काडतुसाचा माल किती वेळा आला? जे नेहमी येतं ते तुमचं काडतूस. पेटीत पाच गोळ्या आणि पुढची खेप केव्हा येईल त्याचा पत्ता नाही, अशा रायफलीवर हात बसत नाही. हात न बसलेला माणूस बंदुकीच्या पुढच्या बाजूला जितका धोकादायक, तितकाच मागच्या बाजूलाही.

वारशाने आलेल्या रायफलीची गोष्ट वेगळी. तिचं काडतूस निवडायचं नसतं, ओळखायचं असतं. इथे घाई करणारे फार. नळीवर ४५०/४०० असं दिसलं की समजतात, झालं. मुळीच नाही. विलायती नावं म्हणजे मापं नव्हेत. ४५०/४०० याचा अर्थ .४५० ची पुंगळी तोंडाशी आवळून .४०० ची केलेली. तिच्यातली गोळी प्रत्यक्षात .४०० पेक्षा थोडी जाडच. .४०४ जेफरीची गोळी मोजली तर .४२३ इंच भरते. .४७० ची .४७५ च्या जवळ. आणि याच ४५०/४०० नावाने तीन इंचांची आणि सव्वातीन इंचांची अशा दोन लांबीच्या पुंगळ्या निघाल्या. सव्वातीन इंची पुंगळी आधी काळ्या दारूची होती, नंतर तिच्यातच कॉर्डाइट, म्हणजे नायट्रोची दारू, भरली गेली. नाव तेच, पण दाबात मोठी तफावत. काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीत नायट्रोचं काडतूस उडवणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्फोट घडवणं.

मग ओळखायचं कसं? दुनळी असेल तर परवानाधारक बंदूकवाल्याकडून नळ्या उतरवून घ्या आणि त्यांच्या पोटाशी असलेला सपाट भाग मऊ कपड्याने पुसा. तिथे बारीक अक्षरात छाप असतात. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा मुकुट, नायट्रोची चाचणी झाली असेल तर ‘एनपी’ ही अक्षरं, चेंबरची लांबी, आणि बऱ्याच रायफलींवर एक ओळ: ‘कॉर्डाइट ६०-४०० मॅक्स’. याचा अर्थ साठ ग्रेन कॉर्डाइट आणि चारशे ग्रेनची गोळी, याहून जास्त नाही. .४७० वर ही ओळ ७५-५०० अशी सापडते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा पाचशे ग्रेनची गोळी साडेबत्तीस ग्रॅमची झाली. हे छाप नसतील, घासले गेले असतील किंवा वाचता येत नसतील, तर चेंबरचा साचा घेऊन मापं काढेपर्यंत ती रायफल भिंतीवरची वस्तू समजा. आणखी एक. तोंडाशी दोन-तीन इंचच पिळाचे चर दिसतात आणि मागे नळी गुळगुळीत, अशी बारा बोअर हाती आली तर ती बिघडलेली नव्हे. ती पॅराडॉक्स: छर्रेही मारायचे आणि जवळून जड गोळीही, अशा दुहेरी कामाची. भारतात ती पुष्कळ आली.

हे .४६५, .४७०, .४७५ असे विचित्र आकडे आले कुठून, याचं उत्तर आपल्याच देशात आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीही त्याच बोअरच्या होत्या, आणि शिकाऱ्यांच्या नावाखाली आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल अशी भीती होती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. त्यांनी बोअर थोडी इकडे-तिकडे सरकवून नवी काडतुसं काढली. हॉलंड अँड हॉलंडचं .५००/.४६५, जोसेफ लँगचं .४७०, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६ ही त्यातली. सगळी कामाला जवळजवळ सारखीच. एका सरकारी फर्मानाने जन्मलेल्या या फरकांवर आजही शिकारी तासन्‌तास वाद घालतात याची गंमत वाटते.

त्या काडतुसांत एक शहाणपण मात्र होतं, आणि आज नवी रायफल घडवणाऱ्याने ते उचलावं. कॉर्डाइट उन्हात तापलं की दाब वाढतो. विलायतेत सुरळीत चालणारी पुंगळी वैशाखातल्या विदर्भात चेंबरमध्ये अडकून बसायची, आणि समोर जखमी जनावर असताना अडकलेली पुंगळी म्हणजे शिकाऱ्याचा शेवट. म्हणून पुंगळ्या मोठ्या ठेवून दाब मुद्दाम कमी राखला जाई, आणि उष्ण प्रदेशासाठी दारू कमी भरलेली काडतुसं वेगळी निघत. .४७० पाचशे ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगाने फेकतं, पण त्याचा दाब आजच्या मॅग्नम काडतुसांच्या कितीतरी खाली राहतो. जिथे ऊन आहे तिथे मोठी पुंगळी आणि कमी दाब. हा नियम शंभर वर्षांत बदललेला नाही.

आता ज्यांना खरोखरच मोठ्या बोअरची निवड करायची आहे त्यांच्याविषयी. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत नवी पिढी तिथल्या कायद्याने शिकार करते, आणि त्यांपैकी एखाद्याला आफ्रिकेत रानरेड्याच्या मागे जायचं असतं. त्याच्यासाठी रायफल घडवायची तर माझा सल्ला कंटाळवाणा आहे: .३७५ हॉलंड अँड हॉलंड. १९१२ चं काडतूस. तीनशे ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वर. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी हीच किमान मर्यादा धरतात, आणि त्याची काडतुसं जगात बहुतेक ठिकाणी मिळतात. विमान कंपनीने सामान हरवलं तर नव्या गावातल्या दुकानात काय मिळेल, हा प्रश्न निवडताना विचारायचा असतो.

त्याहून मोठं हवं असेल तर धक्क्याचा हिशेब आधी करा. आठ पाउंडांच्या .३०-०६ चा धक्का वीस फूट-पाउंडांच्या आसपास. नऊ पाउंडांची .३७५ त्याच्या दुप्पट देते. साडेदहा पाउंडांची .४७० तिप्पट. रायफल जड केली की धक्का कमी होतो हे खरं, पण मग ती दिवसभर खांद्यावर वागवायची असते. मोठ्या बोअरने सर्वांत जास्त नुकसान केलं असेल तर ते नेमाचं. माणूस धक्क्याला घाबरतो, चाप ओढताना डोळे मिटतो, आणि पाचशे ग्रेनची गोळी जनावराच्या पोटात जाते. जिम कॉर्बेटकडे ४५०/४०० ची दुनळी होती, पण त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली ती .२७५ रिग्बी, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये भेट मिळालेली. ते जर्मन मॉझरचंच ७ मिलिमीटरचं काडतूस. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेलने तेवढ्याच बोअरने शेकडो हत्ती पाडले. याचा अर्थ तुम्हीही तसं करावं असा नाही. त्या माणसांना जनावराच्या अंगातली हाडं पाठ होती, आणि आजचा कायदाही ते करू देणार नाही. पण .३७५ ने गोळी जागेवर बसत नसेल तर .४७० ने बसणार नाही, एवढं यातून नक्की समजतं.

घडवताना आणखी काही गोष्टी आधीच ठरतात. दुनळी करायची तर कडा असलेली पुंगळी, म्हणजे .४७० किंवा ४५०/४००. ती खेचून काढायला सोपी. मॅगझिनची बोल्ट रायफल असेल तर बिनकडेची किंवा पट्ट्याची, म्हणजे .४०४, .४१६ रिग्बी, .३७५. .३७५ चं काडतूस लांब, त्याला .३०-०६ च्या मापाची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, पुरत नाही. .४१६ रिग्बी लांबही आणि बुडाशी जाडही, तेव्हा तिला खास मोठी मॅग्नम अ‍ॅक्शन लागते, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. साध्या लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये बसवायचं तर २००७ चं .३७५ रुगर आहे. चांगलं आहे, फक्त दूरच्या गावात मिळेलच असं नाही. .४५८ विंचेस्टरने १९५६ मध्ये हाच मार्ग काढला होता: आखूड पुंगळी, साधी अ‍ॅक्शन, स्वस्त रायफल. पण पाचशे ग्रेनच्या गोळीखाली दारू दाबून भरावी लागे, आणि काही काडतुसं सांगितलेल्या वेगाच्या बरीच खाली पडत. त्यावर उपाय म्हणून पुढे लांब पुंगळीचं .४५८ लॉट निघालं. त्या चेंबरमध्ये जुनी .४५८ ही चालते, म्हणून या बोअरवर मन बसलं असेल तर लॉटच घ्या. अ‍ॅक्शन मॉझरच्या पद्धतीची घ्या, जिचा एक्स्ट्रॅक्टर काडतूस मॅगझिनमधून सुटल्यापासून धरून ठेवतो. यावर मतभेद आहेत, पण धोकादायक जनावरासमोर मी दुसरी वापरायला सांगणार नाही.

परत घरच्या रायफलीकडे. तिच्यासोबत बहुधा लाल-पिवळ्या कायनॉकच्या खोक्यात थोडी काडतुसंही निघतात. त्या मूळ कंपनीने मोठ्या बोअरची काडतुसं बनवणं १९६० च्या दशकात सोडत आणलं, म्हणजे तुमच्या हातातला माल साठ-सत्तर वर्षांचा. पितळेवर हिरवट थर, तोंडाशी तडे. ती उडवून बघायची नाहीत. पुंगळीच्या बुडातली जुनी टोपी कधी चालत नाही, तर कधी उशिरा चालते: चाप ओढला, काही झालं नाही, माणसाने बोल्ट उघडला आणि तेव्हा बार झाला. ती घरी उघडून दारू काढायची नाही. आणि पितळ म्हणून भंगारात तर मुळीच द्यायची नाहीत. रे रोड-दारूखान्याच्या भंगारात गॅस कटर दिवसभर चालू असतो. परवान्याशिवाय एक काडतूस जवळ असणं हासुद्धा गुन्हा आहे. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस निघून माणसं पोलीस ठाण्यात बसल्याच्या बातम्या वरचेवर येतात. यादी करा, पोलीस ठाण्यात लेखी द्या, जमा करा आणि पोच घ्या.

रायफलीला मुंबईची हवा मारते. चामड्याच्या देखण्या पेटीत ती पावसाळाभर ठेवली की चामडं ओल धरतं आणि दसऱ्याला पूजेसाठी काढाल तेव्हा नळीवर तांबूस ठिपके दिसतात. पेटी वेगळी ठेवा. रायफल तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलसोबत, कुलपाच्या कपाटात ठेवा. बोल्ट काढून दुसरीकडे ठेवा. जुन्या टोप्यांतून नळीत क्षार बसतो आणि तो तेलाने विरघळत नाही. म्हणून पूर्वीचे शिकारी संध्याकाळी कॅम्पवर आले की नळीतून आधी कढत पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मग तेल देत. गंजून गेलेली बंदूक परवान्यातून सुटते, हाही एक गैरसमज. जी दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्यारालाच कायद्यात सूट आहे. दुरुस्त होण्याजोगी असेल तर ती बंदूकच.

आणि गोळी झाडण्याचीच हौस असेल तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तिथे .२२ आणि एअर रायफल चालते. मोठ्या बोअरच्या माणसाला हे पोरखेळ वाटतं, पण अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजातल्या एनसीसीतून याच वाटेने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. नेमबाजीच्या खेळात ‘बिग बोअर’ म्हणतात ती तीनशे मीटरची स्पर्धा असते, आणि तिथली कमाल मर्यादा ८ मिलिमीटर. पणजोबांच्या गव्याचं दाजीपूर ज्या राधानगरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं, ते अडीच ग्रॅमच्या आसपास वजन असलेल्या .२२ च्या गोळीने.

शेवटी कागद. २०१९ नंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. परवाना पाच वर्षांचा असतो, आणि त्यावर यूआयएन हा ओळख क्रमांक नसेल तर तो चालत नाही. परवानाधारक वारला की रायफल कपाटात तशीच ठेवायची नसते. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मात्र मृत्यूची वाट बघायची गरज नाही. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. हे २०१६ च्या नियमांत आहे. आजोबा सत्तरीपलीकडे असतील तर येत्या आठवड्यात त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या सहीने अर्ज करा. नंतर त्याच कामासाठी प्रत्येक भावंडाचं ना-हरकत पत्र गोळा करत फिरावं लागतं, आणि तोवर रायफल पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून राहते.